सातव्या दिवसाची सही

मोतीबिंदूच्या शिबिराला डोळ्यात बसवायची चारशे भिंगं पाठवण्याचा ठराव माझ्यापुढे सरकला. बाकीच्या सहा संचालकांच्या सह्या झाल्या होत्या.

प्रत्येक खेप निर्जंतुक आहे का, हे पाहायला आम्ही त्यातली काही भिंगं जंतू वाढवणाऱ्या द्रवात चौदा दिवस ठेवायचो. द्रव गढुळला तर अख्खी खेप जाळायची, हा ह्यांचा, माझ्या यजमानांचा, नियम. आमचा कारखाना दोन खोल्यांचा होता तेव्हा एकदा द्रव अकराव्या दिवशी गढुळला. तीनशे भिंगं स्वतः जाळून ह्यांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं.

"काकू, सात दिवस झाले, द्रव स्वच्छ आहे," अध्यक्ष झालेला पुतण्या म्हणाला. "आता कोण चौदा दिवस थांबतं? तुम्ही म्हणजे काकांच्याही वरताण!"

सगळे हसले. मी पेनाला टोपण लावलं.

"उरलेले सात दिवस थांब, शिरीष. तोवर मी सही करणार नाही."

हसू थांबलं. शिरीषने माझ्याकडे न पाहता कागद ओढून घेतला.

"माल सोमवारीच गेलाय, काकू. शिबिरात आज दुपारपर्यंत चाळीस डोळे झालेत."