ओशचा सुतार

"हान्नेस इथेच राहतो ना?"

दारातल्या बाईने एवढंच विचारलं आणि पाउलिनाचे पिठाने भरलेले हात जागच्या जागी थांबले. खाणीत, गल्लीत, प्रार्थनेला येणाऱ्या लोकांत तिच्या नवऱ्याला सगळे योहान्स म्हणत. हान्नेस म्हणणारी जगात एकच होती. त्याची पहिली बायको, अमालिया.

अमालिया मेली होती. निदान तसं कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या व्होल्गाकाठच्या साऱ्या जर्मनांना सरकारने उचलून कझाकस्तानात आणून टाकलं, मग नवऱ्याला एका श्रमछावणीत धाडलं आणि बायकोला दुसरीत. तिच्या छावणीतून सुटून आलेल्या एकीने सांगितलं, अमालिया तापाने गेली. योहान्सने तरी कितीतरी चौकशा केल्या. कुठूनच काही कळेना, तेव्हा कुठे त्याने कारागांडाला, या कोळशाच्या खाणींच्या शहरात, पाउलिनाशी लग्न केलं.

नवरा गुणाचा होता. पण आगमनकाळ लागला की घरात तिसरं माणूस राहायला येई. नाताळाआधीचे ते चार आठवडे. प्रार्थनेला सरकारची बंदी, म्हणून खिडक्यांवर घोंगड्या टांगून, बाहेर आवाज जाणार नाही अशा बेताने सगळे गात, प्रभूची वाट पाहत. योहान्स प्रार्थनेच्या शेवटी दरवर्षी एक वाक्य जोडी, "आणि प्रभो, अमालिया कुठे जिवंत असेल, तर तिला घरची वाट दाखव." सगळे आमेन म्हणत. पाउलिनाचे नुसते ओठ हलत. मनात ती म्हणे, नको दाखवूस. मेलेल्या सवतीशी भांडायचं तरी कसं? ती म्हातारी होत नाही. तिचा पाव कधी करपत नाही.

आणि आता ती दारात उभी होती. वाळलेली, पुढचा एक दात नसलेली, खांद्याला गाठोडं. पाउलिनाने मनात जिची भरल्या अंगाची, गोरीपान मूर्ती धरली होती, ती ही नव्हतीच. तरी मत्सर तसूभरही कमी झाला नाही. ही आत आली की मी कोण? त्याची लग्नाची बायको ती. मी फक्त ती मेली म्हणून आणलेली.

"वारला तो," पाउलिना म्हणाली. "गेल्या हिवाळ्यात. खाणीत."

शब्द निघून गेल्यावर तिला त्यांची भीती वाटली.

बाई रडली नाही. पाउलिनाला त्याचाही उगाच राग आला. बाईची नजर खाटेवर निजलेल्या पोरीकडे गेली. ती बराच वेळ बघत राहिली.

"बापावर गेलीय," ती म्हणाली. मग गाठोडं सावरत म्हणाली, "मग प्रश्नच मिटला. मी त्याच्याकडून मोकळीक मागायला आले होते. तिकडे किर्गिझस्तानात, ओशला मी दुसरं लग्न केलंय. सुतार आहे. भला माणूस आहे. दोन मुलगे आहेत आम्हाला. येते मी."

चहासुद्धा न घेता ती गेली.

पाउलिनाने दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिली. सुटले, असं वाटलं तिला. सवतीला नवरा होता, मुलं होती! एवढी वर्षं आपण कुणावर जळत होतो? तिला हसू आलं.

ते फार वेळ टिकलं नाही. आज संध्याकाळी योहान्स गुडघे टेकेल. तेच वाक्य म्हणेल. देवाने वाट दाखवली होती, अमालिया दारापर्यंत आली होती, आणि आपण तिला परत पाठवलं होतं. तो मेला असं सांगून. हे ठाऊक असताना त्याच्या शेजारी बसून आमेन कसं म्हणायचं? आणि ती सुखात आहे हे त्याला सांगायचं, तर तू तिला काय सांगितलंस, हे तो विचारणारच.

पोरीकडे बघ गं, असं शेजारणीला ओरडून सांगत ती घरातल्या चपलांनिशी बर्फात पळत सुटली.

अमालिया बसथांब्यावर होती. बस समोरून येतच होती.

"मी खोटं बोलले!" पाउलिनाला धाप लागली होती. "जिवंत आहे तो. संध्याकाळी येईल. तुमच्या तोंडाने सांगा त्याला सगळं. तुमची वाट बघणं सुटेल त्याचं. माझीही सुटका होईल."

"जिवंत आहे ते ठाऊक आहे, पोरी," अमालिया म्हणाली. "पहाटे खाणीच्या फाटकाशी उभी होते. माझ्या समोरून गेला."

"ओळखलं नाही तुम्हाला?"

"तोंडावर शाल होती. काढणारच होते. पण सोबत्याला सांगत होता, पोरगी काल पहिल्यांदा दोन पावलं चालली म्हणून. हसत होता गं. छावणीत मी त्याचा चेहरा आठवायची ना, त्यात तो कधी हसायचा नाही."

"मग घरी कशाला आलात?"

"कुणाच्या जिवावर हसतो, ते बघायला."

बस थांबली. कंडक्टर ओरडू लागला. पाउलिनाने तिची बाही घट्ट धरली.

"चला घरी. एक रात्र राहा. तुमच्या नवऱ्याला मी तार करते, उशीर होतोय म्हणून."

अमालियाने तिची बोटं हळूच सोडवली आणि बसच्या पायरीवर पाय ठेवला.

"कुठला नवरा, गं?" ती म्हणाली.