एवढा एक आवाज

सुखदाने वही मांडीवर उघडली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“नावं. एकाचंही खरं नाव मी घेतलं नव्हतं.”

“हो दीदी,” थांग म्हणाला.

“आवाज. तुम्हा सगळ्यांचे बदलून घेतले होते.”

“तुम्ही म्हणता म्हणजे घेतले असतील. आम्हाला कुठे ऐकायला मिळालं?”

बंगळूरच्या येलहंक्यातल्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत दोघं हिंदीत बोलत होती. थांगचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. नवा पाय भिंतीला टेकून उभा होता, बुटासकट. चटईवर सुखदाची आठ महिन्यांची शाल्मली त्या बुटाची नाडी तोंडात घालायच्या खटपटीत होती.

वरून हवाई दलाचं विमान गेलं. थांग गप्प झाला. आवाज पूर्ण विरल्यावरच त्याने मान वर केली.

दीड वर्षापूर्वी सुखदा सीमेपलीकडच्या जंगलात, लष्कराशी लढणाऱ्या बंडखोरांच्या छावणीत तीन आठवडे राहिली होती. थांग तिचा दुभाषा होता. परत येऊन तिने रेडिओसाठी हिंदीत अर्ध्या तासाचा वृत्तांत केला. तो प्रसारित झाल्यानंतर अकराव्या दिवशी छावणी संपली. एकतीस माणसं गेली.

थांग वाचलाय, पाय बसवायला बंगळूरला आलाय, हे कळल्यापासून ती ही यादी लिहीत होती. मुलगी झोपली की चार ओळी. काय काय लपवलं होतं, काय काय काढलं होतं.

“नदीचा आवाज काढला. नदी ओळखता येते म्हणून. जनरेटरचा काढला. थांग, मला एकच विचारायचंय. ते माझ्यामुळे झालं का?”

तेवढ्यात घरमालकीण राजलक्ष्मीअक्का चहा घेऊन आल्या. पाय बसवायला आलेल्या माणसांना त्या ही खोली भाड्याने देत.

“अगं, ह्याला सांग की जरा,” त्या सुखदाला म्हणाल्या. “चिमणीएवढा भात खातो. स्वल्प आणखी घे म्हटलं की सरी सरी म्हणतो आणि ताट उचलून उभा राहतो.”

“सरी, अक्का,” थांग म्हणाला.

“बघ! महिन्याभरात ‘ठीक आहे’ एवढंच कन्नड शिकला. आणि हा बूट कोण खातंय गं? ह्याच्यापेक्षा हिचीच भूक बरी.”

त्या हसत आत गेल्या. थांगने पेला हातात धरला, प्यायला नाही.

“वही मिटा, दीदी. तुमचा दोष नाही. आमच्यातलाच एक फुटला होता.”

“कोण?”

“लियान.”

सुखदाला लियान आठवला. थांगचा थोरला भाऊ. नदी ओलांडताना तिच्या रेकॉर्डरची पिशवी त्याने डोक्यावर धरली होती. पहिल्या रात्री ती खोकली, तेव्हा गळ्यातलं फडकं काढून त्यानेच दिलं होतं. छावणीत खोकायचंही फडक्यात असे. आवाज करणारं काहीच जवळ ठेवायचं नाही. एक कुत्रा होता, तोही त्यांनी लांब नेऊन सोडला होता.

“तो पहारा करायचा ना? टेकडीवर?”

“हो. रात्री आम्ही खंदकात. पहाटे वरून त्याची खूण ऐकू आली की बाहेर यायचं. खूण नाही, तर कुणी हलायचं नाही. त्या दिवशी खूण आली. आम्ही थाळ्या घेऊन बाहेर आलो.” त्याने भिंतीकडच्या पायाकडे पाहिलं. “लष्कराचे लोक झाडीत वाट बघत बसले होते.”

“लियानने खोटी खूण दिली?”

“तो शेवटपर्यंत म्हणत होता, मी दिलीच नाही, समोरच्या टेकडीवरून ऐकू आली. पण तशी खूण त्याच्याशिवाय कुणाला द्यायला जमायची नाही. अन् बाहेरच्या कुणाला ठाऊकच नव्हती. मग समोरून कशी येईल?”

सुखदाने शाल्मलीच्या तोंडातली नाडी हळूच सोडवली.

“वाचलेल्यांनी तिसऱ्या दिवशी निकाल दिला. त्याआधी मला विचारलं, भावासाठी काही बोलायचंय? मी नाही म्हटलं.” त्याने पेला खाली ठेवला. “आईला सांगितलंय, लढताना गेला.”

“कसली खूण होती ती?”

“ते कुणाला सांगायचं नसतं, दीदी. अजूनही.”

सुखदाने वही मिटली. दीड वर्ष छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

शाल्मली रडायला लागली. सुखदाने तिला उचललं, खांद्यावर थोपटलं. रडणं वाढलंच. मग सवयीने तिचा हात फोनकडे गेला.

“हिला हेच लागतं. दुसऱ्या कशाने राहत नाही,” ती थोडी ओशाळून म्हणाली. “तुमच्याकडची पहाट आहे. बाकी सगळं काढलं, एवढा एक आवाज ठेवला होता मी.”

फोनमधून तिचाच आवाज आला, सावकाश, जपून वाचलेला: ‘डोंगराखालचं गाव जळलं. माणसं गेली. पण मागे राहिलेला एक कोंबडा अजूनही रोज सकाळ झाल्याचं सांगतो.’

आणि कोंबडा आरवला. दोनदा लांब, मग एकदा आखूड, शेवटी किंचित चिरकलेला.

शाल्मली रडायची थांबली. ओल्या डोळ्यांनी फोनकडे बघत खुदकन हसली.

थांगने हात पुढे केला. फोन दोन्ही हातांत धरून त्याने कानाला लावला, कुणाचा तरी फोन आल्यासारखा.

“पुन्हा लावा.”

तिने लावला. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“त्या गावात काहीच उरलं नव्हतं, दीदी, कोंबडासुद्धा नाही,” तो म्हणाला. “हा लियान आहे.”