वीतभर उंचीवरचं ऊन

थोरलीने दार ढकललं, तेव्हा आई झाडांच्या रॅकपुढे स्टुलावर बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. मान पार फळीच्या आत घातलेली. पुदिन्याची पानं तिच्या कपाळाला लागत होती. खोलीभर अंधार, आणि वर टांगलेल्या दिव्याचा उजेड तेवढा कुंड्यांवर.

"तू इथे काय करतेस?" थोरलीने विचारलं. मागच्या खेपेला ती आली तेव्हा ही अडगळीची खोली होती. जुन्या गाद्या, मोडका पंखा आणि छताजवळ एक झरोका, तोही शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"इथेच असते आता," आई म्हणाली. "कोपऱ्यातली माझी खोली धाकट्याच्या कामाला लागते. बस ना, उभी का?"

बसायला पलंगाची कड तेवढी होती. थोरली उभीच राहिली.

तिचा आवाज ऐकून धाकटा भाऊ आला. गळ्यात हेडफोन. ताई दिव्याकडे बघते आहे असं वाटून तो खुलला.

"चांगला आहे ना? इथे आणल्यावर आईच्या झाडांनी माना टाकल्या होत्या. मग शोधत बसलो. लोक ते जांभळे दिवे घेतात, तसला घेतला नाही. त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच कळत नाही. हा पांढरा. उन्हातले सगळे रंग आहेत यात. पानांपासून वीतभर वर टांगायचा. जवळ आला तर पानं करपतात, लांब गेला तर फांद्या उजेडापायी नुसत्याच लांबतात आणि लोळतात. टायमरपण लावलाय. रात्री आपोआप बंद. झाडांना अंधारही लागतो, ताई."

तो थापा मारत नव्हता. पुदिना तरारला होता. नेच्याला नवी पानं फुटली होती. आईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता, पावसाळाभर पेटीत राहिलेल्या कापडासारखा.

"सोय झाली बाई," आई म्हणाली. "नाहीतर इथे काही समजत नाही. दिवा लागला की म्हणायचं, उजाडलं."

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. आई हे हसून म्हणाली होती, त्याचा तिला जास्त राग आला.

"झाडांचा एवढा अभ्यास केलास," ती भावाला म्हणाली. "आईला किती उजेड लागतो, ते बघितलंस कुठे?"

"झालं सुरू. तिला विचारूनच केलंय सगळं. विचार तिला."

"विचारलं नव्हतंस," सुईवरची नजर न काढता आई म्हणाली. "सांगितलं होतंस."

धाकट्याचं तोंड उतरलं. मग लाल झालं.

"तुला बोलायला काय जातं, ताई? पाहुणी येतेस, चार दिवस राहतेस, चुका काढून जातेस. औषधं मी आणतो. दवाखान्यात मी नेतो. दिवसभर माणसं मला पडद्यावर बघत असतात, माझ्या तोंडावर उजेड नको? नोकरी आहे ती, खेळ नाही."

औषधांचं खरं होतं. म्हणून तर थोरलीला ते झोंबलं. पण झोंबलं म्हणून ती गप्प बसली नाही.

"तोंडावर उजेड हवा ना? मग हा दिवा तू घे. ऊन आहे म्हणतोस ना यात? वीतभर वर टांग आणि बस खाली."

तिने बटण बंद केलं, दिवा आकड्यावरून काढला आणि त्याच्या हातात कोंबला. मग ती तरातरा कोपऱ्यातल्या खोलीत गेली. खिडकीला लागून त्याचं टेबल होतं. तिने ते दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. टेबलाचे पाय फरशीवर करकरले.

"ताई, आत्ता मीटिंग आहे माझी."

"मग हात लाव. लवकर आटपेल."

त्याने हात लावला नाही. ती ओढत राहिली. टेबलावरचा कॉम्प्युटरचा मोठा पडदा डुगडुगायला लागला, तशी दिवा खाली ठेवून त्याने धाव घेऊन दुसरी बाजू धरली. ती बहिणीसाठी नव्हे, पडद्यासाठी. पण टेबल उचललं गेलं. दोघं एकमेकांकडे न बघता ते उचलून अडगळीच्या खोलीत आली. टेबल दारात अडकलं, तेव्हा तो दात आवळून काहीतरी पुटपुटला. तिनेही पुटपुटून घेतलं. लहानपणापासून दोघांची भांडणं अशीच अर्धी तोंडात राहायची.

आई भिंत धरून केव्हाच बाहेर पडली होती. थोरली कोपऱ्यातल्या खोलीत परत येऊन बघते तो आई रिकाम्या झालेल्या खिडकीपुढे उभी. थोरलीने तिला खुर्ची दिली, मग एकेक कुंडी आणून खिडकीच्या कट्ट्यावर मांडली. दुपारचं ऊन सरळ आत येत होतं. पुदिन्याच्या पानावर बोट टेकवलं, तर ते आत्ताच तापलेलं. थोरलीने खिडकीच्या पडद्याला हात घातला.

"पडदा कशाला?" आई म्हणाली.

"झाडांना दिव्याची सवय झालीये, आई. एकदम एवढं ऊन मिळालं तर करपतील."

आईने तिच्या हातातून पडदा हिसकून घेतला. इतक्या जोरात, की वरच्या कड्या खळखळल्या.

"मग ती आत ने," ती म्हणाली, आणि खुर्ची आणखी पुढे, उन्हात ओढली.