पणजीची फेरी

सिद्धेशने पोत्यात घालून आणलेले ब्रेकचे कॅलिपर भैरू मिस्त्रीने आठ दिवस खपून नव्यासारखे केले. गंजलेले पिस्टन बदलले, रबरं नवी घातली. काम चोख हवं, असं सिद्धेशने दोनदा बजावलं होतं. त्याचे बाबा चौऱ्याऐंशीचे, आणि आपली जुनी लाल स्पोर्ट्स कार घेऊन रोज पणजीला जातात म्हणे. या वयात बापाच्या हाती असली गाडी देणारा मुलगा भैरूला काही पटला नव्हता.

आज तो दोन तऱ्हेचे ब्रेक पॅड घेऊन डिचोलीला त्यांच्या घरी आला. आधी ऑइल बघावं म्हणून त्याने बॉनेट उघडलं. इंजिनाच्या जागी कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"इंजिन कधीच विकलं," सिद्धेश हळूच म्हणाला. "बाबा नुसते स्टेअरिंगवर बसतात नि मनातल्या मनात जाऊन येतात. पंधरा दिवसांमागं घामाघूम होऊन उतरले. म्हणाले, ब्रेक लागत नाय."

कोंबडी उठणार नाही अशा बेताने भैरूने बॉनेट लावलं आणि तो सोप्यावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे गेला.

"काका, पणजीला पुलावरनं जाता की फेरीबोटीनं?"

"फेरीन. पुलार गर्दी आसता."

"मग मऊ पॅडच घालतो," भैरू म्हणाला. "रेसिंगचे तापल्याशिवाय धरत नाहीत. आणि फेरीत पुढं नदी असते."