सिद्धम्माचा बत्ता

बसा हितं, बत्त्याची गोष्ट सांगतो. सोलापुरातल्या एका घरात शेंगाचटणी कुटायची धाकट्या सिद्धम्मानं आन् कौतुक घ्यायचं थोरल्या जावेनं. सिद्धम्मा कशालाच न्हाय म्हणायची न्हाय. आतल्या आत कुजली, अन्न गोड लागंना, भिताडाकडं तोंड करून पडायची. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "गोळ्या घे, पर एकदा न्हाय म्हणून बघ." परवा जावेच्या पोरीला बघायला पाहुणे आले. "चटणी माझ्याच हातची," जाऊ मिरवली. पाहुणीबाई म्हणली, "मग आमाला कुटून दावा की!" जावेनं बत्ता सिद्धम्माकडं सारला. "न्हाय अक्का," सिद्धम्मा म्हणली, "तुमची चटणी, तुमीच कुटा." जाऊ घामानं निथळली, दाणे खलाभायेर उडाले, तेल सुटंना. सिद्धम्मा समोर बसून चवीनं भाकरी जेवली. तुमच्या घरात सारखं व्हयच म्हणणारी कुणी असंल, तर पाहुणे यायच्या आधी तिच्या हातातला बत्ता घ्या.