फरशीवरची मुळं

चौक गावाजवळच्या आमच्या वाडीत मी बोन्सायसाठी वडाची रोपं जमिनीत वाढवते. मुळं खोल न जाता आडवी पसरावीत म्हणून प्रत्येकाखाली फरशी घातली आहे.

आज छाटणीसाठी पहिलं रोप उकरलं, तर मुळं आधीच छाटलेली. कापांतून पांढरा चीक ओघळत होता.

रोज पाणी घालणाऱ्या भागूबाईला मी विचारलं, "कुणी कापली ही?"

"मी हात लावला नाय, ताई. वरचं गवत तरी मोडलेलं होतं का?"

नव्हतं. तरी मी तिची नखं पाहिली. स्वच्छ होती.

दुसरं रोपही छाटलेलं निघालं. चीक ताजाच.

तिसऱ्यापाशी आम्ही दोघी वाकलो. वारा नव्हता, पण त्याची पानं थरथरली. मातीखाली कात्री वाजली.

मग पुन्हा वाजली, आमच्या पायांखाली.