आधी काय बंद करायचं?

भर दुपारी ट्रान्सफॉर्मरचा काटा लाल पट्टीला टेकला आणि वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं बटण दाबलं. कंपनीच्या अर्जातल्या 'भार वाढला तर आधी काय बंद करायचं?' या प्रश्नाला घराघरांनी जे लिहून दिलं होतं, तेवढं बंद झालं. काटा जरा मागे सरकला, तोच फोन वाजला.

"साहेब, घरात चार एसी आहेत, पण दरवेळी माझ्याच खोलीतला कसा बंद पडतो? उकडून जीव नकोसा झालाय." आवाज म्हातारा होता.

ऑपरेटरनं त्या घराचा अर्ज उघडला. पहिल्याच ओळीत होतं, 'वडिलांची खोली'. खाली मुलाची सही.

"मशीनची चूक आहे, आजोबा. आत्ता चालू करतो."

"हात्तिच्या! मला भलतंच वाटत होतं."

एसी चालू केला तसा काटा पुन्हा लालकडे निघाला. आता त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी बंद करणं भागच होतं. दुसऱ्या कुणाचं कशाला, म्हणून घाईघाईत त्यानं स्वतःच्या घराचा अर्ज उघडला. पहिली ओळ त्याच्याच अक्षरात होती: 'आईची खोली'. तिथला एसी तर मघाशीच बंद झाला होता.

आईनं मात्र आजवर एकदाही फोन केला नव्हता.